मानेवरची निळी रेघ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. काष्टीच्या बाजारातून मी शेंगा आणल्या होत्या. मध्ये सूप ठेवून ओट्यावर बसलो. ती दाणे सुपात टाकायची, मी निम्मे तोंडात. "सोलायला बसलाय का चरायला?" म्हणाली. मग नेहमीचं, "त्या मानेवाल्याचं सांगा की."

निवृत्त पोलीस लिहायला बसला की अमुक घटना आजही आठवते म्हणून सुरुवात करतो. मला ही घटना कधी आठवावी लागली नाही. बायकोच आठवण काढायची. माझे खून, दरोडे तिनं एकेकदा ऐकले आणि सोडून दिले. ही केस मात्र पुन्हा पुन्हा मागायची. हिच्यात एक डॉक्टरीणबाई होती आणि ती हातात सुरी असून चिरत नव्हती, याचं तिला नवल वाटायचं. त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर तिनं एक प्रश्न विचारला. तो प्रश्न त्याच्या जागी येईल.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. आता समोर ऐकणारं कोणी नाही म्हणून लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. नावं कोणाची लिहीत नाही. भाषा गोड नाही, ती माझी कधीच नव्हती.

तेव्हा मी पाथर्डी भागात हवालदार म्हणून नेमणुकीला होतो, खात्यातले शिपाई हवालदाराला मेजर म्हणतात. खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि हत्यारांना सुट्टी देतात. आमच्या ठाण्यातही सतरंजीवर रायफली मांडल्या होत्या, बेड्या मांडल्या होत्या, काठ्या भिंतीला टेकवल्या होत्या. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मोठे साहेब नारळ फोडत होते तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"सायेब, भावानं भावाच्या मानंत कोयता घातलाय. गडी १०८च्या गाडीतून नगरला गेला. मारनारा पळालाय."

नारळाचा तुकडा हातात तसाच राहिला.

घर ऊसतोडीला जाणारं. थोरला भाऊ आणि त्याची बायको दरसाल टोळीबरोबर जायचे. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दसऱ्याच्या पहाटेच टोळीचा ट्रक येणार होता. धाकटा भाऊ विशीतला, तोडीला न जाता पोलीस भरतीच्या मागे लागलेला. मैदानी चाचणी पास झाला होता, लेखी परीक्षा बाकी होती. थोरला म्हणायचा, यंदा आमच्याबरोबर चल. धाकटा म्हणायचा, नाही. त्या दुपारीही दोघांचा आवाज चढलेला अख्ख्या आळीनं ऐकला होता. थोरल्याची बायको आत पुरण वाटत होती. ओरडा ऐकून ती बाहेर आली, तर नवऱ्याच्या मानेतून रक्त आणि दिराचे दोन्ही हात लाल. समोर कोयते. लोक धावले, "मारला, मारला" झालं, आणि धाकटा पळाला.

एवढं सरळ प्रकरण. कलम ३०७, म्हणजे जिवे मारण्याचा प्रयत्न. तेव्हा ३०७च होतं, आता कलमं बदलली. ज्याच्यावर ३०७ लागला तो भरतीतून गेलाच. चारित्र्य पडताळणी आम्हीच करतो, आम्हाला ठाऊक असतं.

जबाब घेण्यासाठी मी एक शिपाई बरोबर घेऊन नगरला, त्या मोठ्या दवाखान्यात गेलो. आणि दवाखान्याच्या फाटकाजवळच धाकटा उभा. छातीवर रक्त वाळलेलं, हातात रक्तानं कडक झालेला टॉवेल. ट्रकला हात करून आला होता. पहारेकरी आत सोडत नव्हता.

माझ्या नोकरीत पळालेले आरोपी मी उसात धरले, विहिरीत धरले, सासुरवाडीत धरले. ज्याला मारलं त्याच्याच दवाखान्याकडे पळत आलेला आरोपी पहिल्यांदा पाहिला. मनात खूण करून ठेवली.

"तू मारलंस का?"

गप्प.

"कशानं मारलंस?"

म्हणाला, "दादा जित्ता हाय का?"

वर गेलो तर धाकट्याच्या वहिनीचा आवाज जिन्यातच ऐकू आला. ती डॉक्टरीणबाईच्या अंगावर गेली होती. "अवो, मानंला भोक पडलंय मान्साच्या! अन् तुमी पट्टी मारून बसलाय? चिरा की! न्हाईतर आमाला पुन्याला लावून द्या!" मग माझ्या मागे धाकटा दिसला. "ह्योच त्यो! ह्याला हितं कशाला आनलाय? ऱ्हायलेलं काम करायला?"

डॉक्टरीणबाई वयानं तरुण, पण आवाज एक सूतभरही चढला नाही. "ताई, गरज पडली तर मी या क्षणाला नेईन. थिएटर उघडं आहे, भूल देणारे डॉक्टर खाली बसलेत. पण आत्ता गरज दिसत नाही."

मलाही ते पटेना. थोरला खाटेवर पडला होता. मानेच्या डाव्या बाजूला, मधोमध, जखम केवढी, तर बोटाचं नख मावेल एवढी. भोवती सूज. त्या सुजेच्या कडेनं बाईंनी निळ्या पेनानं रेघ ओढली होती. शेतकरी बांध घालतो तशी.

मी म्हणालो, "बाई, मी अडाणी माणूस. उघडून बघायला जातं काय? आत काय आहे ते कळेल तरी."

"पूर्वी तसंच करायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या शिक्षकांच्या उमेदीच्या काळात कातडीखालचा पातळ स्नायू भेदला गेला की पेशंट थेट टेबलावर. उघडायचं आणि शोधायचं. कितीदा तरी उघडलं तर आत काहीच नाही. पण मान उघडणं फुकट होत नाही, जमादार. एवढ्याशा जागेत मेंदूला रक्त नेणारी नळी, श्वासाची नळी, अन्नाची नळी, आवाजाची नस. शोधता शोधता धक्का आपलाच लागतो."

"मग कधी चिरता?"

"रक्ताची चिळकांडी उडत असेल, सूज डोळ्यादेखत वाढत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, श्वास अडकत असेल, नाडी बुडत असेल, तर फोटोबिटो काढत बसत नाही. सरळ चिरते. यातलं याला एकही नाही. म्हणून शिरेतून औषध सोडून स्कॅन काढला. मोठी नळी शाबूत आहे. आता बघायचं."

"बघत बसायचं?"

"बघायचं म्हणाले. बसायचं म्हणाले नाही."

त्या खरंच बसल्या नाहीत. थोड्या थोड्या वेळानं स्वतः यायच्या, दुसऱ्याला पाठवायच्या नाहीत. मानेवर स्टेथोस्कोप टेकवून ऐकायच्या. कातडीवर बोट फिरवून खाली हवा चुरचुरते का पाहायच्या. त्याला थुंकायला लावून थुंकीत रक्त आहे का बघायच्या. हाताची पकड आवळायला सांगायच्या. नाव विचारायच्या आणि आवाज घोगरा झाला का ते ऐकायच्या. नाव सांगून झालं की पुरे. मला म्हणाल्या, "जबाब उद्या. खोकला आला, ताण पडला, तर आतली गुठळी सुटेल. आणि जखमेत कोणी बोट घालायचं नाही, खोली बघायला म्हणून सुद्धा नाही."

आमचे एक जुने हवालदार पंचनाम्यात जखमेची खोली लिहायला काडी घालून बघायचे, ते मला आठवलं.

मी तोंड उघडायच्या आत थोरल्यानं मला बघून डोळे मिटून घेतले. ही दुसरी खूण. ज्याला भावानं भोसकलं तो पोलीस दिसल्यावर डोळे मिटत नाही. बोट दाखवतो.

मग बाईंनी मला संगणकावर स्कॅन दाखवला. काळ्यापांढऱ्यात एक चकचकीत ठिपका. "धातूचा पातळ तुकडा आहे. मोठ्या नळीच्या बाजूनं निसटून मागच्या स्नायूत जाऊन बसलाय. तो काढायला गेले तर चांगल्या जागेतून वाट करावी लागेल. म्हणून त्यालाही हात लावणार नाही."

"कोयत्याचा असेल?"

"कोयत्यानं चिरा पडतो, असं भोक पडत नाही. हे कशाचं ते तुम्ही शोधा. ते माझं काम नाही."

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चाकूचं टोक मोडलं असणार. चाकू कुठं टाकला ते पोराकडून काढ. सकाळपर्यंत जखमीचा जबाब नाही मिळाला तर बायकोच्या फिर्यादीवर ३०७ टाकून मोकळे होऊ. उद्या हा मेला तर लोक ठाणं जाळतील."

चुकीचं काही बोलत नव्हते.

धाकट्याला ठाण्यात आणला. चहा दिला, तो निवून गेला. चाकूचं विचारलं, गप्प. भांडणाचं विचारलं, "झालं भांडान" एवढंच. प्रत्येक वेळी दवाखान्यात बसवलेल्या शिपायाचा फोन आला की कान टवकारायचा. मी त्याला निळ्या रेघेचं सांगितलं होतं. तेवढंच एक विचारायचा, "रेघंच्या भाईर गेली का सूज?" माझ्यावर केस होईल का, भरतीचं काय होईल, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. गुन्हा केलेला माणूस आधी स्वतःचं विचारतो. चांगलाही विचारतो, वाईटही विचारतो.

साहेब आत आले. "अजून बोलत नाही? दोन ठेवून दे पायावर. पोपटासारखा बोलेल."

मी भिंतीकडे हात केला. "साहेब, आज काठीला कुंकू लावलंय. दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाही. दुपारी तुम्हीच नारळ फोडलाय."

साहेब हसले. "तुझ्या बायकोनं शिकवलं का हे?" म्हणाले आणि गेले. पण माझी नजर त्या काठीवरच राहिली. कुंकू वाळून पापडी धरलेली. हात लावला तर लगेच पुसलं जाईल. आणि मनात आलं, कोयत्यांचीही आज पूजा झाली होती. आज ज्यानं हत्यार उचललं, त्याच्या हत्यारावरचं कुंकू सांगेल.

धाकट्याच्या तोंडावर मला एकही अशी खूण दिसत नव्हती की ज्यासाठी ते जबरीनं उघडावं. त्याला तसाच ठेवला.

दसरा उजाडताच पंच घेऊन गावात गेलो. ट्रक टोळी घेऊन निघून गेला होता. घर उघडंच. पोलीस पाटलानं कालपासून कोणाला आत जाऊ दिलं नव्हतं. ओसरीत भिंतीपाशी कोयते, कोणाचा कोणता ते पाटलानं दाखवलं. धाकट्याच्या कोयत्याच्या पात्याला झेंडूची पाकळी अजून चिकटलेली, कुंकवाची पापडी जशीच्या तशी. तो कोणी हलवलाच नव्हता. वहिनीच्या कोयत्याची मूठ मात्र नुकतीच ठोकून बसवलेली, लाकडी पाचर पांढरी, ताजी. आणि शेजारी थोरल्याचा कोयता. त्याच्या पाठीवरचं कुंकू घासून गेलेलं, आणि तिथंच लोखंडाला चमकता नवा टवका.

पोलीस पाटील वाकून बघत म्हणाला, "आयला! ह्यानं पूजंच्या दिवशी ठोकाठोकी केली काय?"

"केली तर काय होतं?"

"सायेब, खंडेनवमीला मांडलेलं हत्यार उचललं अन् त्यानं धन्याचंच रगत काढलं, तर अशा कोयत्याला कोन टोळीत घेईल? हत्यार रुसलं म्हनत्यात. वर्सभर कुनी शेजारी झोपडी घालू देनार न्हाई."

आता माझ्या ध्यानात आलं. बायकोच्या कोयत्याची मूठ हलते हे थोरल्याला पूजा झाल्यावर दिसलं. ट्रक पहाटे येणार. एक रात्र थांबायला वेळ नाही. हातोडी कोण शोधतो? आपल्या कोयत्याच्या पाठीनं दुसऱ्याच्या मुठीच्या लोखंडी कडीवर ठोकायला बसला. लोखंडावर लोखंड. तोडीच्या माणसाला त्या पात्यावर स्वतःच्या हातापेक्षा जास्त भरवसा असतो. टवका उडाला आणि मानेत शिरला.

तेवढ्यात दवाखान्यातून शिपायाचा फोन. "मेजर, सूज रेघेला टेकली. बाईंनी थिएटरला वर्दी दिलीय."

ठाण्यात जाऊन धाकट्याला जीपमध्ये घातला आणि नगरची वाट धरली. काही लपवलं नाही. "सूज रेघेला टेकलीय. आणि तुझ्या दादाच्या कोयत्याच्या पाठीला टवका उडालाय. आता तू सांगतोस का मी सांगू?"

पोरानं आधी तोंडावर हात घेतला. मग जे रडला, ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

"दादानं आन घातली, सायेब. रगत येत व्हतं तरी म्हनला, ठोकताना झालं ते कुनाला सांगू नगं, टोळी आमाला सोडून जाईल. अन् दादा मेला अस्ता तर त्येची शेवटची आन मी कशी मोडायची? मी टॉवेल दाबून धरला व्हता. लोकांनी मला वढलं, मारला मारला म्हनून. पळालो."

"आणि ३०७ लागला असता तर?"

"पुढच्या साली गेलो अस्तो की तोडीला."

मी ड्रायव्हरला गाडी दामटायला सांगितलं.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा खाट रिकामी असेल असं वाटलं होतं. थोरला तिथंच होता, डोळे उघडे. बाई शेजारी उभ्या. म्हणाल्या, "झोपेत त्या कुशीवर वळला होता, त्यामुळे सूज एका जागी दबून सरकली. रेघ ओलांडली नाही. नाडी ठीक, आवाज ठीक, पुन्हा स्कॅन केला, नळी शाबूत आहे. थिएटर मात्र अजून तयारच ठेवलंय."

"रेघेला टेकलेली बघून तुमचा हात शिवशिवला नाही?"

"शिवशिवला ना. म्हणून तर रेघ काढते. रेघ नसती तर मी सुजेला नाही, माझ्या भीतीला बघून चिरलं असतं."

हे वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळी तव्यावर टाकायची थांबली होती.

दुपारी बाईंनी परवानगी दिली. थोरल्याचा जबाब घेतला. मी म्हणालो, "कोयता बघून आलोय, आता आण संपली." त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. ऐकत असलेल्या वहिनीनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग दिराकडे. उठली आणि दिराच्या पाठीत एक धपाटा घातला. "तोंड शिवलं व्हतं काय रं तुझं? म्या तुला फाशी द्यायला निगाले व्हते अन् तू दगडावानी हुबा!" मग त्याचा तो कडक झालेला टॉवेल ओढून घेतला आणि नळाखाली धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

३०७ झाला नाही. अपघात म्हणून नोंद झाली. सूज ओसरली, रेघेपासून आत आत सरकत गेली, टाका न घालता थोरला घरी गेला. टोळी त्या साली गेलीच होती. धाकटा लेखी पास झाला. आज तो खात्यात आहे, कुठल्या जिल्ह्यात ते सांगत नाही.

या केसनं मला शिकवलं ते सांगतो. आमच्या खात्यात हात चालवणाऱ्याला लोक कामाचा म्हणतात आणि थांबणाऱ्याला ढिला म्हणतात. खरं बघितलं तर उघडणं सोपं आहे. उघडलं की आपण काहीतरी केलं असं सगळ्यांना दिसतं. थांबायचं तर आधी ठरवावं लागतं, काय दिसलं की हात घालीन, आणि ते दिसेपर्यंत डोळा काढायचा नाही. त्यानंतर मी संशयित समोर आला की मनात पेन काढायचो. काही वेळा रेघ ओलांडली गेली, तेव्हा कडकही झालो. पण आधी रेघ.

आता बायकोचा प्रश्न. तुरीच्या शेंगा संपत आल्या होत्या. ती म्हणाली, "ते समदं झालं. पन तो टवका? अजून हाय का त्याच्या मानंत?"

"असेल. नाहीतर काढला असेल. मला काय माहीत."

"लोकांच्या माना धरन्यात जल्म गेला, अन् एवढं इचारलं न्हाई व्हय?"

"उद्या फोन करून विचारतो."

तो उद्या आम्हाला मिळाला नाही. पाहुण्यांनी घर भरलं. तिचं तेरावं झालं, आणि त्याच संध्याकाळी शेवटचा पाहुणा गेला. घरात मी आणि ते सूप राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी एसटीत बसलो. काष्टी ते नगर, नगर ते पाथर्डी, पुढे जीप. थोरला आता तोडीला जात नाही, शेळ्या पाळतो. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. वहिनीनं चहा टाकला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "एकलेच आलात?" मी म्हणालो, हो.

मग ज्यासाठी आलो ते विचारलं. थोरला हसला, पाठ फिरवून बसला आणि सदऱ्याची कॉलर खाली ओढली. "सरकत सरकत मागं आलाय, सायेब. डाक्टरीनबाई म्हनल्या व्हत्या, तरास देत न्हाई तवर ऱ्हाऊ द्या. हात लावून बघा."

मानेच्या मागच्या बाजूला कातडीखाली बोट टेकवलं. तुरीच्या दाण्याएवढा. टणक. बोटाखाली जरासा सरकला.

"हाय," मी म्हणालो.

थोरल्यानं मान वळवली. "कुनाला सांगताय, सायेब?"